कोस बेटावर, भावाला घेऊन

अथेन्सचे तीन दिवस मी लिहीत बसत नाही. ॲक्रोपोलिसवर सगळ्यांनीच लिहिलंय, आणि मला तिथलं ऊन आणि रांग सोडून फार काही आठवतही नाही. मला लिहायचंय ते कोसबद्दल, तेही तिथल्या एका पाऊण तासाबद्दल.

पिरेअस बंदरातून कोसला जाणारी फेरी रात्रभराची असते. नुसत्या खुर्चीचं तिकीट खूप स्वस्त होतं पण आम्ही केबिन घेतली, कारण माझ्या धाकट्या भावाला फिट येतात आणि जागरण झालं की धोका वाढतो. गोळ्या चालू आहेत, चार वर्षांत एकही आलेली नाही, तरी ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना माहितीये की प्रवास ठरवताना आधी झोपेचा हिशोब होतो आणि मग पैशांचा. केबिनचे पैसे मला जराही जड गेले नाहीत. तो गाढ झोपला, मीच रात्रभर त्याच्या श्वासाकडे कान लावून पडले होते.

कोस हे हिप्पोक्रॅटिसचं गाव, इ.स.पू. ४६०च्या आसपास जन्मलेला हा वैद्य. समोर समुद्रापलीकडे तुर्कस्तानचा किनारा अगदी जवळ दिसतो. गावाच्या चौकात त्याचं म्हणून एक झाड दाखवतात, त्याच्याखाली बसून तो शिकवायचा म्हणे. काश्मीरातला चिनार असतो ना, तेच झाड. खोड आतून पोकळ झालंय, फांद्यांना लोखंडी टेकू दिलेत. पण आत्ताचं हे झाड फार तर पाचेकशे वर्षांचं आहे आणि तो होऊन गेला त्याला जवळपास अडीच हजार वर्षं झाली, तरी एक गाइड पन्नास माणसांना बिनधास्त सांगत होता की इथेच बसायचा. मला खरंच राग आला. ज्या माणसांनी डोळ्यांनी बघा, लिहून ठेवा, मग बोला असं शिकवलं त्यांच्याच नावाने हे चाललेलं बघवत नाही. आम्ही तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबलो नाही.

अस्क्लेपिऑन ही जुन्या अवशेषांची जागा गावापासून चारेक किलोमीटरवर आहे. डोंगराच्या उतारावर एकावर एक अशा तीन प्रशस्त पायऱ्या केल्यात, मधल्या टप्प्यावर पांढरे खांब पुन्हा उभे केलेत, सगळ्यात वर अस्क्लेपिअस या वैद्यकाच्या ग्रीक देवाच्या मोठ्या देवळाचा चौथरा आणि मागे झाडी. १९०२ मध्ये खोदकामात हे सापडलं. याला हिप्पोक्रॅटिसचं हॉस्पिटल म्हणतात तेही बरोबर नाही, कारण हे बांधकाम त्याच्यानंतरचं आहे आणि ही जागा मुळात देवस्थान. अस्क्लेपिअसच्या देवळांमध्ये आजारी माणसं रात्री झोपायला यायची, स्वप्नात देव येऊन बरं करतो किंवा उपाय सांगतो अशी श्रद्धा. आपल्याकडे नवस बोलून देवळात राहायला जातात त्यातलाच प्रकार.

आम्हीही गेलो होतो. भाऊ अकरा वर्षांचा असताना त्याला पहिली फिट आली, आणि पुढची पाच वर्षं आमच्या माणदेशातल्या गावात त्याच्यावर जे जे झालं ते मला सगळं आठवतंय. चप्पल हुंगवणं, कांदा फोडून नाकाला लावणं, दातात चमचा घालणं (हे कधीही करू नका, माणसाला कुशीवर करा आणि तोंडात काहीही घालू नका), अंगारा, गंडादोरा, लिंबू उतरवणं. देवऋषी म्हणाला बाहेरचं आहे. मग कोणत्या ठिकाणचं यावर घरात चर्चा, एकजण म्हणे नदीवरचं, दुसरा म्हणे कुलदेवीचं काही राहिलंय. आई रडून रडून अर्धी झाली होती, तिला दोष देत नाही मी, तिला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हिप्पोक्रॅटिसच्या नावावर साठेक लेख आहेत, सगळे त्याचे नाहीत, पण त्यातला एक याच आजारावर आहे. ग्रीक लोक त्याला पवित्र आजार म्हणायचे. लेखाची सुरुवातच अशी की हा आजार इतर आजारांपेक्षा जास्त पवित्र नाही, त्यालाही बाकीच्यांसारखं कारण आहे. ते मेंदूत आहे हे पुढे येतं. मी वरच्या पायरीवर सावलीत बसून फोनवर इंग्रजी भाषांतर उघडलं आणि भावाला मराठीत सांगत गेले. त्या काळचे मांत्रिक काय करायचे याची यादीच आहे त्यात: अंघोळ करू नको, काळे कपडे घालू नको, कांदा लसूण खाऊ नको, बकऱ्याच्या कातड्यावर झोपू नको. रुग्ण घोड्यासारखा ओरडला तर पोसायडन देवाचा कोप, फेस आला आणि पाय झाडले तर युद्धदेव आरेसचा, रात्री दचकून उठला तर हेकॅटी देवीचा. भाऊ म्हणाला, "ताई, हे आपल्याच गावात बसून लिहिलंय का गं?"

लेखकाने कारण चुकीचंच सांगितलंय, डोक्यातला कफ शिरांमध्ये उतरतो आणि हवा अडवतो वगैरे. पण तो म्हणतो, हा आजार झालेल्या बकरीचं डोकं उघडून बघा, आत पाणी भरलेलं दिसेल, मग कळेल की हे देवाचं नाही. उघडून बघा म्हणणारा माणूस, अडीच हजार वर्षांपूर्वी! मला ते चुकलेलं उत्तरसुद्धा फार मोलाचं वाटतं, कारण चुकीच्या उत्तरापासून पुढे जाता येतं, बाहेरचं आहे म्हटल्यावर पुढे जायला रस्ताच नसतो.

आणि मग तो परिच्छेद आला. तो लिहितो की ज्यांना या आजाराची सवय झालीये त्यांना फिट येणार हे आधी कळतं, मग ते माणसांतून पळतात, घर जवळ असेल तर घरी, नाहीतर जिथे पडताना कमीत कमी लोकांना दिसेल अशा जागी, आणि डोकं झाकून घेतात. लोकांना वाटतं ते देवाच्या भीतीने. पण ते लाजेने करतात. लहान मुलं मात्र आईकडे धावतात, कारण लाज म्हणजे काय हे त्यांना अजून माहीत नसतं.

भाऊ काहीच बोलला नाही. बराच वेळ. खाली माणसं फोटो काढत होती. मग म्हणाला, "मी गोठ्यात का जायचो, आठवतंय तुला?"

आठवतंय. फिट यायच्या आधी तो उठून गोठ्यात जायचा, म्हशीच्या मागे कोपऱ्यात, आणि सगळे म्हणायचे ते त्याला तिकडे ओढतं. देवऋषीने तर गोठ्यात नारळ पुरला होता. मीही तेच मानत होते, इतकी वर्षं मी त्याला एकदाही विचारलं नाही.

"पोटात कसंतरी व्हायचं ना, मग कळायचं. वर्गातली पोरं नक्कल करायची माझी. म्हटलं पडायचंय तर म्हशीसमोर पडू."

वर्गाला कळलं कसं, तर जिथे पहिल्यांदा औषध आणलं तिथल्याच माणसाने एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं. हिप्पोक्रॅटिसच्या शपथेत आहे की उपचार करताना जे पाहीन, ऐकीन आणि जे बाहेर बोलू नये, ते मी बोलणार नाही. २०२२ मध्ये आपल्याकडे डॉक्टर होणाऱ्यांना ही शपथ द्यायची की चरक शपथ असा बराच वाद झाला. मला त्या वादात पडायचं नाही, चरकसंहितेतही रुग्णाच्या घरातलं बाहेर सांगू नये असं आहेच. दोन्हीकडे आहे, आणि आमच्या वाट्याला आलं नाही.

परत येताना वाटेतल्या प्लातानी गावात जेवलो, छान होतं, पण काय खाल्लं ते आठवत नाही. रात्री भाऊ म्हणाला तो परिच्छेद मराठीत लिहून दे आणि घरच्या ग्रुपवर टाक, माझं नाव घालून, गोठ्याचं पण लिही. मी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाला टाक.

टाकला. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एका चुलत बहिणीचा फोन आला, तिच्या मुलीला गेल्या दिवाळीपासून फिट येतायत आणि सासरी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला फोन दे म्हणाली. ते दोघं चाळीस मिनिटं बोलत होते, मी बंदरावर सामान सांभाळत उभी होते.