आमची वाटचाल: कोळशाच्या भट्टीपासून तांब्याच्या कॉइलपर्यंत

आबांची भट्टी दिवस कलल्यावर पेटायची. पाणी द्यायचं काम ते उजेडात कधीच करत नसत, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. ऊसतोडीचा कोयता कोळशात लाल झाला की सांडशीने उचलायचा, धारेची बाजू तेवढी पाण्यात धरायची आणि पाठ तशीच हवेत निवू द्यायची. "धार टणक पाहिजे आणि पाठ चिवट. सगळाच टणक केलास तर पहिल्या घावाला मोडंल," असं ते सांगायचे. कोल्हापुरात आज आम्ही इंडक्शन हार्डनिंगचं, म्हणजे विजेने तापवून लोखंडाचा वरचा थर टणक करण्याचं जॉबवर्क करतो, ते या एका वाक्याच्या जोरावर.

आयटीआय करून मी काही वर्षं दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि १९९६ साली शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये एक जुनं व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशा पण मोठ्या इलेक्ट्रॉनिक नळीवर चालणारं इंडक्शन मशीन बसवलं. कामाला तोटा नव्हता. आजूबाजूला ऑइल इंजिनांचे सुटे भाग करणारे, साखर कारखान्यांची कामं घेणारे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून आलेलं कास्टिंग मशिनिंग करणारे. यातल्या प्रत्येकाला कुठली ना कुठली पिन, शाफ्ट किंवा गिअर टणक करून हवा असायचा.

आबा पहिल्यांदा शेडवर आले तेव्हा बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. मग विचारलं, "जाळ न्हाई, कोळसा न्हाई, मग तापतंय कशानं?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. तांब्याच्या नळीचं वेटोळं म्हणजे कॉइल. तिच्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली की भोवतालचं चुंबकीय क्षेत्रही तसंच उलटसुलट होत राहतं. त्या क्षेत्रात लोखंड धरलं, की लोखंडाच्या अंगातच विजेचे भोवरे फिरू लागतात. मायकेल फॅरेडेने १८३१ साली लंडनमध्ये दाखवून दिलं तेच हे तत्त्व. लोखंड त्या प्रवाहाला विरोध करतं आणि त्या विरोधातून उष्णता निघते. म्हणजे जॉब बाहेरून भाजला जात नाही, स्वतःच्या अंगातून तापतो. कॉइल त्याला टेकतसुद्धा नाही. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते.

कॉइलमधून प्रवाह एवढा जातो की ती स्वतःच वितळेल, म्हणून नळीच्या आतून सतत पाणी खेळवावं लागतं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही बोअरचं पाणी वापरलं. क्षार साचून नळी आतून बुजली आणि डोळ्यांदेखत कॉइलला भोक पडलं. तेव्हापासून कॉइलला फक्त क्षार काढलेलं पाणी.

खरा धडा मात्र पुढच्या वर्षी मिळाला. एका गिऱ्हाइकाने ट्रॅक्टरच्या भागासाठी शाफ्टचा लॉट दिला होता. कानस लावून बघितली तर घसरत होती, टणकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवरचा आकडाही ५६ येत होता. आम्ही समाधानाने माल पाठवला. चार महिन्यांत तो परत आला. वरच्या थराचे पापुद्रे निघाले होते आणि खालचं मऊ लोखंड दबलं होतं. ड्रॉइंगवर तीन मिलिमीटर खोली मागितली होती आणि आमचा थर जेमतेम एक मिलिमीटरचा होता. ते बघून रात्रभर झोप लागली नाही. लॉटची भरपाई आम्ही केली.

चूक फ्रिक्वेन्सीची होती. वीज जितक्या वेगाने दिशा बदलते, तितकी ती धातूच्या कातडीलगत राहते. लाल तापलेल्या पोलादात १०,००० हर्ट्झला ती साधारण ५ मिलिमीटरपर्यंत शिरते, ४ लाख हर्ट्झला एक मिलिमीटरही नाही. आमचं व्हॉल्व्हचं मशीन त्या चार लाखांच्या घरातलं होतं. बारीक पिनांना ते उत्तम होतं, पण शाफ्टचं ते कामच नव्हतं. कर्ज काढून १० किलोहर्ट्झचं मशीन घेतलं आणि एक नियम केला: प्रत्येक नव्या कामाचा पहिला जॉब कापायचा. कापलेली बाजू घासून चकचकीत करायची आणि तिच्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेलं थोडं नायट्रिक ॲसिड लावायचं. थोड्या वेळात टणक थर वेगळ्या रंगाची कडा होऊन उठून दिसतो, मग पट्टीने खोली मोजायची. वरून मोजलेल्या आकड्यावर मी पुन्हा कधी विसंबलो नाही.

आज शेडवर या, तर ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा शाफ्ट दोन सेंटरमध्ये फिरताना दिसेल. कॉइल खालून वर सरकते, मशीनची बारीक शीळ चालू असते. शाफ्टचा पट्टा आधी काळपट लाल होतो. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाचं चुंबकत्व जातं, तिथे तापण्याचा वेग मंदावतो आणि मीटरचा काटा हलतो. आमचे जुने ऑपरेटर रंगाइतकंच त्या काट्याकडे बघतात. पुढे नारिंगी पट्टा कॉइलच्या खाली आला, की लगेच शॉवरचं पॉलिमर मिसळलेलं पाणी त्याला गाठतं. वर टणक, आत चिवट, आणि वाक जवळजवळ नाही. नंतर १८० अंशांना टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा थोडं तापवणं. त्यात उशीर केला तर क्रॅक जाण्याची भीती असते. तेलाच्या छिद्राच्या काठावर तर प्रवाहाची गर्दी होऊन ती कडा जास्त तापते, म्हणून छिद्रात आधी तांब्याचा गुज्जा ठोकतो.

कॉइल आम्ही इथेच घडवतो. नळी तापवून मऊ करायची, आत बारीक वाळू ठासून भरायची म्हणजे वाकवताना ती चेपत नाही, मग साच्यावर वळवायची. हे काम कुठल्याही पुस्तकाने पूर्ण शिकवलेलं मी पाहिलं नाही.

हेच तत्त्व आता घरोघरी आहे. इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं तापत नाही, कारण ते चुंबकाला चिकटत नाही आणि विजेला फारसा विरोधही करत नाही. बाटलीच्या झाकणाखालची चांदीसारखी चकती याच पद्धतीने चिकटवतात. बेअरिंग शाफ्टवर चढवण्याआधी ११० अंशांपर्यंत असंच तापवून फुगवतात. आमच्या भागातल्या कितीतरी फाउंड्र्यांत कोकवर चालणाऱ्या क्युपोला या उभ्या भट्टीची जागा इंडक्शन फर्नेसने घेतली. तिथे वितळलेलं लोखंड त्याच क्षेत्राने आपोआप ढवळलंही जातं.

सध्या उसाच्या कन्व्हेयरच्या स्प्रॉकेटसाठी कॉइल करतोय. दात टणक हवेत, दाताचं मूळ चिवट राहिलं पाहिजे. तिसरी कॉइल काल जुळली. पहिला जॉब उद्या सकाळी कापायचा आहे.