उघड्या खिडकीचे माप

लातूर, १७ मे

भिंतींवर टांगलेल्या पाच वाकळांपैकी तिसरी आज संध्याकाळी उतरवली आणि तंबोरा पुन्हा बोलू लागला. गेले पंधरा दिवस या गाण्याच्या खोलीतला आवाज नीट व्हावा म्हणून मी जे काही करीत आहे ते वेळीच लिहून ठेवायला हवे, कारण कोणत्या बदलाने काय घडले हे महिनाभराने नेमके आठवणार नाही.

घर लहान आहे. तीस बाय चाळीसचा प्लॉट आणि त्यावर सहाशे चौरस फुटांचे बांधकाम. पाया भरण्यापासून स्लॅबवर पाणी धरण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला आम्ही दोघे हजर होतो, आणि शाळा सुटल्यानंतरच्या वेळात विटा भिजवणे, वाळू चाळणे, भिंतींना पाणी मारणे ही कामे मी आणि पत्नीने स्वतःच केली. त्यातली एक खोली केवळ गाण्यासाठी राखायची, हे नकाशा काढण्यापूर्वीच ठरले होते. तिथे भाडेकरू ठेवता आला असता, असे बऱ्याच नातेवाइकांनी सुचवून पाहिले. आमच्या मनात तो विचार कधी आला नाही.

मात्र गिलावा वाळल्यावर त्या रिकाम्या खोलीत पहिल्यांदा षड्ज लावला, तेव्हा मी खरोखर खचलो. आवाज मोठा येत होता, पण तो माझा वाटत नव्हता. एका स्वराच्या पाठीवर दुसरा चढत होता, तान घेतली की तिचा गोळा होत होता, आणि टाळी वाजवली की दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती सापडून पत्रा थरथरावा तशी टर्र वाजत राहत होती. इतकी वर्षे ज्या खोलीची वाट पाहिली, तिच्यात दहा मिनिटे गाणे अशक्य होते.

त्या रात्री मला गावाकडचे जुने घर फार आठवले. आमचे गाव औसा तालुक्यात. घर माळवदाचे. दगडमातीच्या अडीच हात रुंद भिंती, लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्या घरात ओसरीवर दर एकादशीला भजन होत असे आणि माझे वडील, अण्णा, पखवाज वाजवीत. पंधरावीस टाळ एका वेळी वाजत असूनही अभंगातील शब्द न् शब्द माजघरात चुलीपाशी बसलेल्या आजीपर्यंत स्वच्छ पोहोचत असे, याचे तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. आज त्याचे कारण मला हिशेबाने मांडता येते. भिंती शेणामातीने सारवलेल्या होत्या, त्यांत जागोजागी देवळ्या आणि कोनाडे होते, कोपऱ्यात ज्वारीच्या कणग्या होत्या, वलणीवर घरातील सगळ्या वाकळा टाकलेल्या असत आणि ओसरीची पुढची बाजू अंगणाकडे पूर्ण उघडी होती. आवाजाने आपटून परत यावे असा गुळगुळीत, सपाट पृष्ठभाग त्या घरात जवळजवळ नव्हताच.

ते घर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर आमचे राहिले नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. गणपती विसर्जनाहून परतलेली माणसे गाढ झोपेत असताना, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि हजारो माणसे स्वतःच्याच भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. आमच्या घराची एक भिंत फुगली, खांबांवर तोललेले छप्पर तेवढे उभे राहिले, म्हणून आम्ही वाचलो. त्यानंतर कित्येक महिने आम्ही शेतात झोपलो. अण्णांनी माळवदाची माती उतरवून वर पत्रे घातले. डोक्यावर ओझे नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि त्यावर बोलण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. पत्र्याखाली भजन एकदाच झाले. टाळांचा आवाज सहन होईना, म्हणून मंडळी मारुतीच्या पारावर बसू लागली.

म्हणूनच हे नवे घर बांधताना जोत्यावर आणि खिडक्यादारांच्या वर काँक्रीटचे भूकंपपट्टे घालण्याच्या बाबतीत मी पैशांकडे पाहिले नाही. ते योग्यच केले. पण मजबुती देणाऱ्या सिमेंटच्या त्याच गिलाव्याने आवाज परत फेकण्याचे कामही तितक्याच मजबुतीने केले.

उपाय शोधताना वॉलेस सॅबिन यांच्याविषयी वाचले, आणि तेव्हापासून या माणसाबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे, त्यामुळे व्याख्यान समजत नसे. १८९५ मध्ये ते सुधारण्याचे काम या तरुण प्राध्यापकाकडे आले. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्याथोड्या करून व्याख्यानगृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून तिचा आवाज विझायला किती वेळ लागतो ते प्रत्येक वेळी मोजले आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत नेऊन ठेवल्या. यातूनच नियम निघाला की आवाज रेंगाळण्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि खोलीतील शोषणाबरोबर घटतो. शोषणासाठी त्यांनी जे माप घेतले ते मला विलक्षण वाटले: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे उघडी खिडकी ही पूर्ण शोषण करणारी वस्तू.

मग मी वहीत हिशेब मांडला. खोलीचे घनफळ १२०० घनफूट. फुटांत मोजताना एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक, आणि घनफळाला ०.०४९ ने गुणून एकूण शोषणाने भागायचे. गिलावा आपल्या पृष्ठभागाचा जेमतेम तीन टक्के आवाज घेतो, त्यामुळे भिंती, छत आणि फरशी मिळून वीस एकक आणि दार, फडताळ व मी स्वतः मिळून आणखी दहा. उत्तर जवळजवळ दोन सेकंद आले. एवढ्याशा खोलीला हा काळ फारच मोठा.

आईने हाताने शिवलेल्या वाकळा घरात होत्याच. जुन्या लुगड्यांचे पाचसहा पदर एकमेकांवर ठेवून दाट टाक्यांनी शिवलेली वाकळ भिंतीपासून चार बोटे पुढे टांगली तर ती नुसत्या पडद्यापेक्षा पुष्कळ अधिक आवाज घेते, कारण हवेची हालचाल भिंतीला लागून थांबलेली असते आणि भिंतीपासून जरा दूर ती कापडाच्या धाग्यांमध्ये अडकते. साडेपाचसहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाकळ बारा एककांची, असे मी अंदाजाने धरले. अधीरपणाने एकदम पाच टांगल्या, खाली कापसाची गादी घातली, आणि आवाज अर्ध्या सेकंदात विझू लागला.

शब्द स्पष्ट झाले, पण तंबोरा मेला. जव्हारीतून, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावरून, उमटणारी ती झुळझुळ, जिच्यामुळे चार तारांचा एक अखंड प्रवाह होतो, तीच नाहीशी झाली. कापड उंच कंपने आधी घेते आणि तंबोऱ्याचा सगळा जीव त्या उंच कंपनांत असतो, हे माझ्या हिशेबात आलेच नव्हते. म्हणून एकेक वाकळ उतरवीत आज दोनवर आलो. आता वहीतले उत्तर पाऊण सेकंदाच्या आसपास आहे आणि कानालाही ते पटते.

२४ मे

गवंड्याचे उपकार मानायचे राहून गेले होते, ते आज लिहितो. नऊ इंची भिंत चढवताना मी त्याला एका बाजूला निरनिराळ्या उंचीवर सात कोनाडे सोडायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आता देवळी कोण ठेवतंय, गुरुजी? भिंत कमजोर व्हती." मग त्यानेच तोड काढली: कोनाडे अर्ध्या विटेचेच, म्हणजे साडेचार इंच खोल, आणि कोपऱ्यापासून दोन फूट दूर. आज त्याच भिंतीमुळे टाळीची टर्र गेली आहे. समोरच्या भिंतीवर वह्यापुस्तकांचे उघडे फडताळ आहे. पुस्तके मुद्दाम पुढेमागे ठेवली आहेत.

आजचा दिवस मात्र मंद्र धैवताचा, म्हणजे खालच्या सप्तकातील धैवताचा. मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे माझा षड्ज पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर असतो. खर्जाचा रियाज करताना बाकी सगळे स्वर सारखे लागत, पण मंद्रातील शुद्ध धैवत लागला की खोली एकाएकी घुमे, गळ्याने न दिलेले वजन त्या एकाच स्वराला येई. आठ दिवस मी तो गळ्याचा दोष समजत होतो आणि तो स्वर दबकत लावीत होतो. याचे मला वाईट वाटते, कारण दबकत लावलेला स्वर गळ्यात तसाच बसतो.

कारण खोलीच्या मापात होते. या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. दहा फूट, म्हणजे तीन मीटरच्या थोडे वर, अशा दोन भिंतींमध्ये जे कंपन उभे राहते ते सेकंदाला सुमारे ५७ वेळांचे, आणि त्याच्या वरचे दुसरे ११५ चे. काळी एकचा मंद्र धैवत नेमका तिथेच आहे. त्यात खोलीची उंचीही दहाच फूट, म्हणजे छत आणि फरशी यांच्यातही तोच स्वर उभा राहतो. रुंदी आणि उंची सारखी ठेवू नये, ही साधी गोष्ट नकाशाच्या वेळी मला कोणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. छत अर्धा फूट खाली घेतले असते तरी बराच फरक पडला असता. आता स्लॅब खाली येणार नाही.

पण अशा उभ्या कंपनाला विसाव्याच्याही जागा असतात. दुसऱ्या कंपनाचा जोर भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर असतो, आणि रुंदीच्या चौथाईवर तो जवळजवळ शून्य होतो. मी बैठक हौसेने अगदी मधोमध मांडली होती. ती अडीच फूट सरकवून एका बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर आणली, आणि धैवत त्याच क्षणी इतर स्वरांच्या ओळीत येऊन बसला. उंचीचा प्रश्न तर बैठकीमुळे आधीच सुटलेला होता: मांडी घालून बसल्यावर तोंड जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येते, म्हणजे तेही चौथाईवर. उभे राहून गाणाऱ्यांना याच खोलीने अधिक छळले असते. तासभर फक्त धैवतावर बसलो होतो. शेवटी पत्नी दारात येऊन ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "आज मोकळा लागला."

९ जून

अण्णा चार दिवसांसाठी आले आहेत. बहात्तर वर्षांचे वय, गुडघे दुखतात, पण पखवाज स्वतःच्या मांडीवर घेऊन एसटीने आले. तरुणपणी त्यांनी आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज समोर बसून ऐकला होता आणि त्यानंतर दोन महिने स्वतःच्या पखवाजाला हात लावला नव्हता, ही हकीकत त्यांनी खोलीत पाऊल टाकताच पुन्हा सांगितली. मला ती कितीही वेळा ऐकायला आवडते.

त्यांनी कणीक मळून धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खोल आवाजाच्या डाव्या तोंडाला, लावली, थाप मारली आणि मान हलवली. आवाज त्यांना पसंत होता. पण पाच मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. शेजारची बोअरची मोटार आणि रस्त्यावरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून मी खिडकी घट्ट बंद ठेवत असे, फटींना रबराची पट्टीही लावली होती. अण्णा म्हणाले, "कोंडून कशाला वाजवायचं रं? उघड की ती खिडकी." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता: "बंद खोलीत मला बसवत नाही. तुला ठावं आहे."

मला ठाऊक होते. १९९३ पासून ते दार लावून कधी झोपलेले नाहीत. गाण्याची खोली करताना आवाजाचा एवढा विचार केला, पण ज्यांच्यामुळे घरात गाणे आले त्यांना या खोलीत बसता येईल का, हा विचार मी केला नव्हता. याची बोच मला दिवसभर लागून राहिली आहे.

खिडकीची दोन्ही दारे पूर्ण उघडली. चार बाय चारची खिडकी, सोळा चौरस फूट, म्हणजे सॅबिन यांच्याच मापाने पूर्ण सोळा एकक. दीड वाकळेच्या जवळ जाणारे शोषण, तेही उंच आणि खोल स्वर सारखेच घेणारे. अण्णांच्या धुमेचा घोष, जो वाकळांना कधीच आवरता आला नसता, तो खिडकीतून बाहेर गेला आणि आत नेमका, आखूड, गोल ठोका राहिला. मी उरलेल्यांपैकी एक वाकळ काढून घेतली, तंबोरा लावला आणि आम्ही दोन अभंग म्हटले. मोटार चालू होती. ती ऐकू येत होती आणि तिने काही बिघडले नाही.

दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर पलीकडच्या घरातील आजी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांनी टाळ मागितले. गावाकडचे टाळ अजून पेटीतच होते, ते काढून दिले.

डास मात्र फार आत आले. उद्या सुताराला सांगून खिडकीला बारीक जाळी बसवून घ्यायची आहे. जाळीने आवाज अडत नाही. काढलेली वाकळ अण्णांना रात्री अंगावर दिली.