डबिंग करता करता जॅझ

मी आवाजाची कामं करते : डबिंग, अ‍ॅनिमेशन, गेम, जाहिराती, अधूनमधून ऑडिओबुक. आणि जॅझ गाते. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘आवाज तर आहेच, मग गाणं काय, ओघानेच आलं असेल!’ ओघाने काही आलं नाही. बोलण्यात मुरलेला आवाज गाण्यासाठी उभा करण्यात काही वर्षं गेली. त्यात सुरांनी फारसा त्रास दिला नाही. छळलं ते लयीने, आणि तेही डबिंगमुळे.

डबिंगमध्ये वेळेची मालकी पडद्यावरच्या माणसाकडे असते. हेडफोनमध्ये सारख्या अंतराने तीन बीप वाजतात, चौथ्याच्या जागी आपण बोलायला लागायचं. पडद्यावरच्या नटीने श्वास घेतला की आपण घ्यायचा, ती अडखळली की आपण अडखळायचं. तिचे ओठ मिटतात तिथे आपल्या वाक्यातला प, ब किंवा म बसला तर प्रेक्षकाला काही खटकत नाही. तिथे तोंड उघडं ठेवणारा ‘आ’ आला की आवाज दुसऱ्याचा आहे हे लहान मुलालाही कळतं. त्यामुळे बूथमध्ये संवाद जुळवून घेताना अर्थाइतकाच ओठांचा विचार होतो. कधी कधी अर्थापेक्षा जास्त. वर्षानुवर्षं हे केलं की शरीर घड्याळासारखं होतं आणि जरासाही उशीर सोसवत नाही.

जॅझमध्ये हीच अचूकता खुपते. माझ्याबरोबर वाजवणारा पियानोवादक सुरुवातीच्या एका तालमीत म्हणाला, ‘तू गात नाहीयेस, डब करतेयस. मी कॉर्ड बदलला की तू लगेच हजर.’ (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर.) राग आला, पण म्हणणं खरं होतं.

मग त्याने सुचवलेला रियाझ सुरू झाला. चाल बाजूला ठेवायची आणि गाण्याचे शब्द नुसते बोलायचे. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक अंतराने टकटक करणारं यंत्र, वाजणार ते चार मात्रांच्या बारमधल्या फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, पहिली मात्रा आपली आपण मनात धरायची. समेला वजन द्यायची सवय असलेल्या कानाला हे सगळं उलटं वाटतं. ते अंगवळणी पडल्यावर मेट्रोनोम आणखी विरळ करत न्यायचा, दोन बारमध्ये एकच ठोका. तोवर ओळ उशिरा उचलायची, रेंगाळायचं आणि पुढच्या वळणाआधी पोचायचं. जॅझ गायिका बिली हॉलिडेची ध्वनिमुद्रणं मी आधीही ऐकली होती, पण ती किती मागे राहून गाते हे या रियाझानंतर कानाला कळायला लागलं. तिला तसं राहता येतं कारण मागचा ठेका जागचा हलत नाही. गायिका रेंगाळली म्हणून बँडही तिच्यासाठी थांबला, तर गाणं घसरत जातं. नवख्या बँडबरोबर हा अनुभव फार येतो, आणि अशा वेळी मी सरळ पुन्हा मात्रेवर गायला लागते.

बहुतेक जुनी गाणी बत्तीस बारची. आठ-आठ बारचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळ्या चालीचा, बाकीचे तीन जवळपास सारखे. हे आवर्तन फिरत राहतं. आधी गाणं, मग एकेका वाद्याचा सोलो, शेवटी पुन्हा गाणं. सोलो चालू असताना गायिकेने काय करायचं, हे कोणी सांगत नाही. हसतमुख उभं राहायचं आणि मनात बार मोजत राहायचं, कारण परत कधी शिरायचं याची बीप कोणी देणार नसतं. ड्रमच्या सोलोमध्ये कॉर्डचाही आधार नसतो. तेव्हा मी मनातल्या मनात गाण्याचे शब्दच म्हणत राहते. मोजण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं आहे.

पट्टीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. छापील लीड शीटवरच्या (चाल आणि कॉर्ड लिहिलेल्या कागदावरच्या) पट्ट्या पुष्कळदा वाजवणाऱ्यांच्या सोयीच्या असतात. बाईच्या आवाजाला गाणं बऱ्याचदा चार-पाच सुरांनी खाली आणावं लागतं. प्रत्येक गाण्याची आपली पट्टी ठरवून, ती लिहिलेले चार्ट घेऊनच तालमीला जायचं. ‘कुठल्याही पट्टीत चालेल’ असं म्हणणारी गायिका वादकांना आवडत नाही.

माइकच्या बाबतीत मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त शिकावं लागलं. दोन्ही धंदे माइकनेच शक्य केले. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, त्याआधी गायकाला कर्ण्यात जोर लावून गावं लागायचं. माइक आल्यावर कुजबुजल्यासारखं गाणंही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला लागलं, आणि आज जिला आपण जॅझ गायकी म्हणतो तिच्यातला बराचसा जवळिकीचा भाग तिथून आला. पण बूथमधला माइक आणि मंचावरचा माइक यांचे स्वभाव अगदी निराळे. बूथमध्ये कंडेन्सर नावाचा फार संवेदनशील माइक स्टँडवर, श्वासाचे फटके अडवणाऱ्या पॉप फिल्टरच्या पलीकडे, वीतभर अंतरावर. तो कपड्यांची सळसळ आणि पोटातली गुरगुरसुद्धा पकडतो, म्हणून हलायचं नाही. मंचावर हातात कमी संवेदनशील डायनॅमिक माइक, ओठांना जवळजवळ टेकलेला. तो तोंडाजवळ आणला की खर्ज फुगतो, लांब नेला की आवाज पातळ होतो. वरच्या सुराला हात लांब करायचा, शेवटच्या पुटपुटलेल्या शब्दाला जवळ आणायचा. डबिंग करणाऱ्याचे पाय जमिनीला खिळलेले आणि हात मोकळे नसतात. तो हात सैल व्हायला वेळ लागला.

उलट्या बाजूने अभिनयाने जे दिलं, ते गायनाच्या वर्गात मिळालं नसतं. आपल्याला बहुतेक वेळा एकटंच ध्वनिमुद्रण करावं लागतं, समोरचा नट नसतो. म्हणून प्रत्येक संवादाआधी दोन प्रश्न विचारायची सवय लागते : मी कोणाशी बोलतेय, आणि याच्या क्षणभर आधी काय घडलंय? संथ प्रेमगीतांना मी तेच प्रश्न विचारते. शंभरदा गायल्या गेलेल्या गाण्यातही त्यामुळे कुठल्या शब्दावर थांबायचं हे आपोआप ठरतं. आणि गाण्याने डबिंगला एक बारीक पण उपयोगी सवय दिली. नवीन पात्र मिळालं की त्याचा बोलण्याचा मूळ सूर मी पेटीवर शोधते आणि संहितेच्या समासात लिहून ठेवते. माझं रोजचं बोलणं पांढरी पाचच्या आसपास असतं, मुलाचं पात्र त्याच्या बरंच वर, म्हातारी खाली. मालिकेचा पुढचा भाग महिन्यांनी आला तरी पात्र त्याच सुरावर सापडतं. रेकॉर्डिस्टला जुना तुकडा ऐकवायची विनंती करावी लागत नाही.

पाठांतराबद्दल एवढंच : बूथमध्ये संहिता समोर असते, मंचावर नसते. १९६० मध्ये बर्लिनच्या मैफिलीत विख्यात जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड ‘मॅक द नाइफ’चे शब्द विसरली, जागच्या जागी नवे रचून गात राहिली आणि त्या गायनाला ग्रॅमी मिळालं. नवख्यांना धीर द्यायला हा किस्सा सगळे सांगतात. तो एलाचा आहे, हे सांगायला विसरतात. मी शब्द पाठ करते.

आता आवाजाची निगा. बाईच्या साध्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आदळतात. गेमच्या कामात लढाया, किंकाळ्या, मरताना ओरडण्याचे दहा प्रकार असतात, ते झाल्यावर दुसऱ्या दिवशी गाणं शक्यच नसतं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या आवाज-कलाकारांनी २०१६-१७ मध्ये संप केला, तेव्हा घसा ताणणाऱ्या सत्रांवर मर्यादा हा त्यांच्या मागण्यांमधला एक मुद्दा होता. मी स्वतःपुरता नियम केला आहे : ओरडण्याचे तुकडे सत्राच्या अगदी शेवटी, आणि त्यानंतर मध्ये मोकळे दिवस ठेवल्याशिवाय मैफल घ्यायची नाही. घसा बसला की लोक कुजबुजून बोलायला लागतात. ती विश्रांती नव्हे, काही जणांच्या घशावर त्याने उलट ताण येतो. गप्प बसणं चांगलं. बारीक स्ट्रॉमधून गुणगुणायचा व्यायाम मला कानानाकाघशाच्या डॉक्टरांनी शिकवला. तो दोन्ही कामांआधी करते. दिसायला हास्यास्पद आहे, प्रतीक्षा खोलीत करू नये.

करार वाचायला मात्र मी एका जॅझ गायिकेकडून शिकले, तीही माझ्या जन्माआधीच्या करारावरून. पेगी ली ही नावाजलेली जॅझ गायिका. डिस्नेच्या १९५५ च्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’मध्ये तिने चार पात्रांना आवाज दिला, त्यांत दोन सयामी मांजरी, आणि सनी बर्कबरोबर गाणीही लिहिली. १९५२ च्या तिच्या करारात एक कलम होतं : लोकांना विकण्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढण्याचा हक्क तिच्याकडे राहील. तेव्हा घरोघरी व्हिडिओ कॅसेट ही कल्पनाच नव्हती. १९८७ मध्ये चित्रपट कॅसेटवर आला, तिने १९८८ मध्ये दावा लावला आणि १९९१ मध्ये सुमारे तेवीस लाख डॉलर जिंकले. जे तंत्र जन्मालाही आलेलं नव्हतं, त्याचे पैसे पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीने मिळवून दिले.

हे वाचल्यापासून कराराच्या शेवटच्या पानांकडे मी पहिल्यांदा जाते. आवाज कुठल्या माध्यमात वापरणार, किती काळ, कुठल्या प्रदेशात? ‘भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत’ असं वाक्य दिसलं की थांबते आणि विचारते. हल्ली त्यात भर पडली आहे ती कृत्रिम आवाजाची. २०२४ मध्ये अमेरिकेतले गेमचे कलाकार पुन्हा संपावर गेले ते मुख्यतः याच मुद्द्यावर, आणि तो मिटायला २०२५ उजाडलं. माझ्या करारात आता एक वेगळी ओळ असते : या ध्वनिमुद्रणावरून माझ्या आवाजाची नक्कल तयार करायची नाही, आणि करायचीच असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळं मानधन. काही निर्माते लगेच मान्य करतात. काही म्हणतात, हा आमचा ठरलेला मसुदा आहे, बदलत नाही. अशी दोन-चार कामं हातची गेली, त्यातलं एक पात्र फार आवडलेलं होतं.

गाण्याच्या बाजूला हा मुद्दा अजून फारसा कोणी काढत नाही. मैफलीचं ध्वनिमुद्रण कोणाचं, याबद्दलही बऱ्याचदा तोंडीच ठरतं. मी ते आता लिहून घेते, आणि वादकांनाही तसंच करायला सांगते. त्यांच्यातले निम्मे जण हसतात. पियानोवादकाने मात्र माझा मसुदा मागून घेतला, त्यात स्वतःचं नाव घातलं आणि दोन कलमं वाढवून परत पाठवला.