बाथरूमच्या दाराला दोन कड्या

माझ्या आतेभावाकडे बाथरूमच्या दाराला दोन कड्या आहेत. एक सगळ्यांकडे असते तशी वर, आणि दुसरी खाली गुडघ्याजवळ, त्याने स्वतः ड्रिल घेऊन बसवलेली. पाहुणे हसतात. मीही हसलोय, "दादा, शिंद्यांचा खजिना ठेवलायस का आत?" वगैरे.

आम्ही ग्वाल्हेरचे, त्यातही लश्करचे (लष्कर हो, पण इथे सगळे लश्करच म्हणतात). १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली, ती परत उठलीच नाही, तिचंच शहर झालं. म्हणजे आमचा पत्ताच फौज. दादा भरती झाला तेव्हा आत्याने अख्ख्या गल्लीत गजक वाटलेली. १९ वर्षांचा होता तो.

यंदा संक्रांतीला गच्चीवर ऊन खात बसलो होतो. माझा मुलगा अग्निवीरची तयारी करतोय, पहाटे चारला उठून पळायला जातो, ते मी जरा कौतुकानेच सांगत होतो. दादा म्हणाला, "पाठव की. पण त्याला सांगून पाठव, रगडा कशाला म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत."

रगडा म्हणजे फौजेतली शिक्षा, फ्रंट रोल मारायला लावायचे, पाठीवर पिठ्ठू लादून पळवायचं. तो सगळ्यांनाच बसतो आणि पुढे पार्टीत हसत सांगायला किस्से होतात. दादाच्या बाबतीत झालं त्यालाही सगळे रगडाच म्हणाले. चार सीनियर होते, रात्र होती, बाथरूमची कडी तुटलेली होती. बास, याच्या पुढचं मी इथे लिहीत नाही, आणि एवढंही त्याला विचारूनच लिहितोय.

आणि मी काय बोललो माहितीये? "तू हात का नाही उचललास?" तोंडातून गेलं यार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ज्याला पहिल्यांदा सांगितलं ना, त्यानेही हेच विचारलेलं. वर म्हणाला, मर्द आहेस ना." मग जरा वेळाने, "अंग दगडासारखं झालेलं. आणि सकाळी त्याच चौघांच्या बाजूला रांगेत फॉल-इन."

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसलो. अंग असं थिजणं ही भीतीच्या वेळची शरीराची नेहमीची गोष्ट आहे, त्यात संमती-बिंमती काही नसते, हे मला या वयात कळलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ सालासाठी सर्व्हेवरून अंदाज काढला होता, त्यांच्या फौजेत साधारण २६,००० जणांवर असा लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आला आणि त्यातले जवळजवळ १४,००० पुरुष. टक्क्यात बघाल तर बायकांना धोका खूप जास्त, ६.१ टक्के आणि पुरुषांना १.२, पण फौजेत पुरुषच एवढे असतात की आकडा तिकडे झुकतो. मी थांबलो ते रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासापाशी. पुरुषांच्या बाबतीत हे बऱ्याचदा ड्युटीच्या वेळेत होतं, करणारे एकापेक्षा जास्त असतात, आणि ज्याच्यावर होतं तोच त्याला रॅगिंग म्हणतो. म्हणजे दादाचा रगडा, तिकडेही तोच.

तिकडे निदान माजी सैनिकांच्या दवाखान्यात प्रत्येकाला हे विचारतात, आणि तेव्हा तक्रार केली नसली तरी उपचार फुकट मिळतात. आपल्याकडे कायद्यात बलात्काराची व्याख्याच बाईपुरती आहे. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात पीडित कुणीही असू शकतो असं आलं होतं, एप्रिलमध्ये कायदा झाला तेव्हा परत फक्त स्त्री. पुरुषासाठी जुन्या दंडविधानाचं कलम ३७७ (अनैसर्गिक संभोगाचं) उरलं होतं, तेही १ जुलै २०२४ पासून त्याजागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. आर्मी अ‍ॅक्टचं कलम ४६ आहे, अश्लील, क्रूर वर्तनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा, पण त्यासाठी आधी कुणीतरी जाऊन बोलायला पाहिजे ना, आणि बोलायचं कुणाकडे, तर त्याच साखळीतल्या वरच्या माणसाकडे. मला हे सगळं वाचून राग आला. दादाला दाखवलं तर म्हणाला, "केस-बीस नकोय मला. झोप पाहिजे."

वहिनीला माहीत आहे का, हे मी विचारलं नाही. तिने कडीबद्दल कधी चेष्टा केल्याचं मला आठवत नाही, बाकी सगळ्यांनी केली.

पुढच्या रविवारी परत गेलो. टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मीच लावला आणि फोन त्याच्या हातात दिला, तो घेऊन तो पाण्याच्या टाकीमागे गेला. मी इकडे शेंगा सोलत बसलो, खायच्या नव्हत्या, नुसत्या सोलत. अर्धा तास तरी झाला असेल. परत आला, फोन दिला, म्हणाला, "हिंदीत बोलली. एकदाही विचारलं नाही बघ, हात का नाही उचललास."

मग सोललेले दाणे सगळे उचलून खिशात टाकले आणि म्हणाला, "पोराला घेऊन ये शनिवारी. मीच सांगतो त्याला."