एमआयजीवाले ईडब्ल्यूएस

इंदूरच्या माणसाला एमआयजी म्हटलं की कॉलनीच दिसते. एमआयजी थाना, एलआयजी चौराहा, "भिया, एलआयजीला सोड" म्हटलं की रिक्षा निघाली, त्यातला एल म्हणजे लो आणि आय म्हणजे इन्कम हे कुणाच्या मनातही येत नाही. घर घेणाऱ्याच्या कमाईवरून पाडलेले गट हे, लो इन्कम ग्रुप, मिडल, हाय, आणि आता त्याच एलआयजीत जागेचा भाव विचारून बघा.

आमची पुण्याची आत्या मात्र एमआयजी ऐकलं की विमानच समजते. "तुमच्याकडे एअरफोर्सवाले राहतात का रे?" तिचंही बरोबर आहे म्हणा, मिग-21 1963 पासून आपल्याकडे उडत होतं, सप्टेंबर 2025 मध्ये रिटायर झालं तेव्हा टीव्हीवर तेच चाललेलं. त्यातला एम मिकोयानचा, जी गुरेविचचा, हे दोघे ते विमान डिझाइन करणारे, आणि मधला आय म्हणजे रशियनमध्ये नुसतं "आणि"! पीथमपूरला कारखान्यात असलेल्या चुलतभावाचं मिग तिसरंच, मेटल इनर्ट गॅस वेल्डिंग. आर्गनसारखा गॅस, जो कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही. निव्वळ सीओटू लावला तर ते खरं म्हणजे मॅग, ए फॉर अ‍ॅक्टिव्ह, पण शॉपवर सगळे मिगच म्हणतात.

हे तिन्ही मिग एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, विमानाचा हप्ता भरायला कोणी बँकेत जात नाही. (आणि ज्याला फुलफॉर्मच नाही त्यालाही लोक तो चिकटवतातच. महू हे गावाचं साधं नाव, इंग्रजांनी स्पेलिंग तसं केलं आणि नंतर कुणीतरी त्यात "मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर" बसवलं. 2003 मध्ये नाव बदलून डॉ. आंबेडकर नगर झालं तरी तो फॉरवर्ड काही थांबत नाही.)

घोळ होतो तो अर्थ शेजारी शेजारी असले की. एमएस म्हणजे मॉर्फिन सल्फेट पण होतं आणि मॅग्नेशियम सल्फेट पण, दोन्ही औषधंच, दोन्ही त्याच हॉस्पिटलात, म्हणून अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने हे शॉर्टफॉर्म वापरूच नका, पूर्ण नाव लिहा असा नियम केला. मला हे फार पटतं.

आपल्याकडे असा नियम ईडब्ल्यूएसला लावायला हवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ठीक. पण 2019 मध्ये 10 टक्के आरक्षण आलं त्यात केंद्राची अट आहे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, शिवाय जमीन, घर वगैरेच्या अटी वेगळ्या. आणि पीएम आवासच्या शहरी योजनेत ईडब्ल्यूएस म्हणजे 3 लाखांपर्यंत! 3 ते 6 एलआयजी, त्यावर एमआयजी. म्हणजे साडेसात लाखवाला नोकरीच्या फॉर्मवर दुर्बल आणि घराच्या फॉर्मवर मध्यमवर्गीय, त्याच दिवशी, त्याच पगारात.

आमचा भाचा यातच अडकला. ईडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट हातात, म्हणून ताई खुशीत फ्लॅटचा फॉर्म भरायला त्याला घेऊन गेली, खिडकीवरचा माणूस म्हणे हे इथे चालत नाही. "अहो पण लिहिलंय ना ईडब्ल्यूएस, सरकारचाच शिक्का आहे!" तो म्हणे मॅडम, हे शिक्षण-नोकरीचं, घरासाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा आणा. ती घरी येऊन अर्धा तास सरकारला बोलत होती, आणि मला काही तिची समजूत घालता आली नाही कारण मुद्दा तिचाच बरोबर होता. एवढी अक्षरं आहेत हो, दुसरी तीन घेतली असती तर काय बिघडलं असतं?

आता घराचं तूर्त राहिलं, आणि ते सर्टिफिकेट वर्षापुरतंच असतं, म्हणजे पुढच्या भरतीला परत तहसीलच्या चकरा आहेतच.