एक कट्टा रेती आणि ब्रासचा रकाना

एम.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पाचा विषय होता चुलबंद नदीच्या रेतीतली जड खनिजं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, नदी लहानपणापासून पायाखालची. त्यामुळे नमुने घेणं हेच सगळ्यात सोपं जाईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, गणित, सगळं सुरळीत पार पडलं. वेळ खाल्ला तो रेती उचलायच्या लेखी परवानगीनं. अजून आठवलं की राग येतो.

आधी कामाबद्दल थोडं. साध्या रेतीत बहुतेक क्वार्ट्झ असतो, त्याची विशिष्ट घनता २.६५, म्हणजे पाण्याच्या २.६५ पट जड. साधारण २.९ च्या वरचे दाणे जड म्हणायचे: गार्नेट, कायनाइट, सिलिमनाइट, इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन, मोनाझाइट. यांचे मोठे साठे समुद्रकाठी असतात, कारण लाटा हलकी रेती वाहून नेतात आणि जड दाणे मागं राहतात. केरळात चवरा, तमिळनाडूत मनवलाकुरिची, ओडिशात छत्रपूर, आपल्याकडे रत्नागिरीचा किनारा. चुलबंदेत तसा साठा नाही. पण नमुना घ्यायची आणि अंदाज काढायची रीत तीच, शिवाय दाण्यांवरून नदीच्या वरच्या अंगाला कोणते खडक आहेत ते कळतं. भंडारा जिल्ह्यात कायनाइट-सिलिमनाइट आहे, पवनीकडे क्रोमाइट आहे. म्हणून विषय मोलाचा होता आणि मला तो सोडायचा नव्हता.

प्रत्येक जागेवरून तीनेक किलो, सगळं मिळून एक कट्टा, म्हणजे एक पोतं रेती हवी होती. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन मी तहसील कचेरीत गेलो. बाबूंनी पत्र बाजूला ठेवलं आणि छापील अर्ज पुढं केला. त्यात रेतीघाटाचं नाव, लिलावाचं वर्ष, वाहन क्रमांक, स्वामित्वधनाचं (रॉयल्टीचं) चलन आणि परिमाण ब्रासमध्ये.

"बाबूजी, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, चार टनांच्या वर. मला एक कट्टा पाहिजे."

"मंग शून्य लिहा, भाऊ."

शून्य लिहिलं. दुसऱ्या टेबलावरून अर्ज परत आला, शून्य ब्रासची परवानगी देता येत नाही म्हणून. एक ब्रास लिहा म्हणाले, तर चलन भरा आणि वाहन दाखवा. मी सायकलवर पिशवी टांगून जाणार होतो. मग तलाठ्यांचा अहवाल मागितला. तलाठी म्हणाले, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. ग्रामपंचायतीत म्हणाले, मासिक सभा होऊन गेली, आता पुढच्या महिन्यात या. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन विचारलं, तर एवढ्याशा गोष्टीसाठी आमच्याकडे कशाला, तालुक्यालाच होईल असं सांगून परत पाठवलं. तालुक्याला फाइल त्याच टेबलावर, त्याच दोरीत बांधलेली.

रेतीचोरीनं आमच्या भागात सगळ्यांची झोप उडवली आहे हे मला मान्य आहे. रेतीच्या कागदावर सही करायला माणसं घाबरतात, तेही समजतं. पण टिप्परला आणि विद्यार्थ्याच्या पिशवीला एकच अर्ज, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. वर मृग जवळ येत होता. घरी धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायची तयारी सुरू, आणि मी कचेरीच्या बाकावर. पहिला पूर आला की नदीतले सगळे थर उलटेपालटे होतात, मग उन्हाळ्यात आखलेल्या जागांना काही अर्थ राहत नाही.

शेवटी सर म्हणाले, टेबलं सोड, थेट अधिकाऱ्यांना भेट. नायब तहसीलदार मॅडमनी पत्र पूर्ण वाचलं. तोवर ते कुणीच वाचलं नव्हतं. विभागातून नेलेली रत्नागिरीची काळी रेती त्यांना दाखवली, काय शोधतोय ते सांगितलं. त्यांनी पत्रावरच लिहून दिलं: शैक्षणिक नमुना, एकूण ५० किलोच्या आत, हातानं काढणार, वाहन नाही, हरकत नाही. सही, शिक्का. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो, इतका जीव हलका झाला होता.

तुम्हालाही असे नमुने घ्यायचे असतील तर पत्रात हे चारही मुद्दे पहिल्याच ओळीत टाका. छापील अर्जाच्या वाटेला जाऊ नका. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. आणि हो, पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. पहिल्याच दिवशी गावातल्या लोकांनी आम्हाला नदीत अडवलं होतं, पाटील आले म्हणून निभावलं.

नदीत उतरल्यावर एक मोह टाळा. रेतीवर काळी पट्टी दिसते, पाणी आणि वारा हलके दाणे नेतात म्हणून ती तयार होते. तिथलीच रेती भरली तर टक्केवारी खोटी फुगते. आम्ही नदीला आडव्या रेषा आखल्या आणि हाताच्या ऑगरनं, म्हणजे फिरवून जमिनीत घालायच्या गिरमिटानं, एक मीटर खोलपर्यंतची रेती घेतली. पाणी लागलं की ऑगरमधून दाणे निसटतात, म्हणून भोकात बसवायचा केसिंग पाइप सोबत हवा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत नमुना कमी करायचा.

पुढं गाळ धुणं, वाळवणं, चाळणं, मग ब्रोमोफॉर्म नावाचा जड द्रव. त्याची घनता २.८९, क्वार्ट्झ तरंगतो, जड दाणे तळाशी जातात. विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) बाटली उघडू नका.

साठ्याच्या अंदाजाचं गणित: क्षेत्रफळ, जाडी, घनता आणि टक्केवारी यांचा गुणाकार. समजा २०० बाय ५० मीटरचा पट्टा, एक मीटर जाडी, घनमीटरला १.६ टन. झाली १६,००० टन रेती. जड खनिजं २ टक्के असतील तर ३२० टन. सूक्ष्मदर्शकाखाली दाणे मोजून आलेली टक्केवारी संख्येची असते, प्रत्येक खनिजाच्या घनतेनं गुणून ती वजनात आणावी लागते. तोंडी परीक्षेत मला हेच विचारलं.

माझ्या नमुन्यांत कायनाइट आणि गार्नेट स्पष्ट दिसले. पत्राचा मसुदा जपून ठेवलाय, ज्यांना हवा त्यांना देतो. फक्त पत्र फेब्रुवारीतच द्या.