मूठभर तांदूळ आणि एक ओळंबा

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत शाळेच्या निकालांचं, ढालींचं आणि नव्या इमारतीचं कौतुक होणारच, आणि ते व्हायलाच हवं. मला मात्र वसतिगृहाच्या स्वयंपाकघराबद्दल आणि एका सकाळी फळ्याच्या खिळ्याला लटकलेल्या ओळंब्याबद्दल लिहायचं आहे. प्रभूवरचा माझा विश्वास तिथं रुजला.

आम्ही नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवरची मुलं. घरी मावची बोलायचो. पाचवीत आलो तेव्हा पुस्तकातली मराठी कानाला परकी लागायची. दिवाळी झाली की कितीतरी जणांचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघायचे. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथून गाडी सुटली की होळीपर्यंत घर बंद.

वसतिगृहात मावशी स्वयंपाक करायच्या. पंगतीचे तांदूळ मोजून झाले की त्या स्वतःच्या वाट्यातली एक मूठ काढून कोपऱ्यातल्या जुन्या तेलाच्या डब्यात टाकायच्या. डब्याला तारेची कडी होती आणि झाकण नीट बसत नसे, म्हणून वर पाटा ठेवलेला. मूठ टाकताना त्यांचे ओठ हलायचे. काय म्हणतात ते कधी ऐकू आलं नाही. शनिवारी डबा रिकामा व्हायचा. कधी पाड्यावरच्या एकट्या म्हातारीकडे, कधी दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांकडे ते तांदूळ जायचे. मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्हाला कमी नाही पडत?" त्या म्हणाल्या, "एका मुठीनं माझं पोट काय रिकामं राहतंय, बेटा? शनिवारी डब्यात हात घालून बघ, कुठवर लागतंय ते." मी हात घातला. मनगट बुडालं.

पुढे कळलं की मिझोरमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या बायका विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून असंच करत आल्या आहेत. रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला. बुहफाई थाम म्हणतात त्याला, आणि तिथल्या मंडळ्यांच्या सेवाकार्याचा मोठा भार त्या मुठींनी उचलला आहे. आमच्या मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना हे वाचून दाखवायला त्या आज असायला हव्या होत्या.

आता ओळंबा. माझे वडील गवंडी. एका उन्हाळ्यात शाळेच्या नव्या खोलीचं काम त्यांच्याकडे होतं. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, सर जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय घेणार होते. आदल्या दिवशी ते वडिलांकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ, उद्या सकाळी तुमचा ओळंबा लागेल." सुती दोरी, लाकडी गट्टू आणि वापरून गुळगुळीत झालेला पितळी गोळा सरांनी फळ्याला टांगला. मग वडिलांनाच बोलावलं आणि भिंत ओळंब्यात आहे हे कसं ओळखायचं ते सांगायला लावलं. वडील संकोचून, पण नेमकं बोलले. गट्टू वर भिंतीला धरायचा, गोळा खाली सोडायचा, तो भिंतीला जेमतेम शिवला पाहिजे. पहिल्या थरात सूतभर फरक राहिला, तर छताला पोचेपर्यंत बोटभर होतो. म्हणून ओळंबा आधी लावायचा, भिंत गुडघ्याएवढी असतानाच.

त्यानंतर सरांनी गोष्ट सांगितली. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेमचं मंदिर जळलं. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले, असं एज्राच्या पुस्तकात आहे. मग काम कितीतरी वर्षं अडलं. पारसाच्या दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 520 मध्ये, ते पुन्हा सुरू झालं आणि जखऱ्यामार्फत देवानं विचारलं, लहान आरंभाचा दिवस कोण तुच्छ मानतो? यहूदाचा सुभेदार जरुब्बाबेल ते मंदिर बांधत होता, आणि त्याच्या हाती तेव्हा होता फक्त ओळंबा. त्याच अध्यायात आहे की शेवटचा दगड चढेल तेव्हा लोक "कृपा, कृपा" असा गजर करतील. सर म्हणाले, शेवटच्या दगडावर जी कृपा, तीच पहिल्या थरावरही असते, फक्त तेव्हा गजर करायला कुणी जमलेलं नसतं. वडील दाराशी उभे राहून ऐकत होते.

माझ्या सातवीच्या वर्षी आईची उचल फिटली नाही आणि ती होळीला आली नाही. देवानं त्या रात्री उचल फेडली नाही, हे मी लपवणार नाही. पण मावशींनी माझ्या ताटाजवळ बसून स्वतःची भाकरी खाल्ली आणि सकाळी सरांनी पोस्टकार्ड हातात देऊन म्हटलं, "दोन ओळी लिही, तिथं कुणीतरी वाचून दाखवेल." मी मराठीत लिहिलेलं ते पहिलं पत्र. ते आईपर्यंत पोचलं होतं.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या पाड्यावर, उपासना मंदिराच्या ओट्यावर, तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. मुलं कधी सहा, कधी चार. एकीला अजून आपलं नाव पूर्ण लिहिता येत नाही, पण 'ल' तिला छान जमला आहे. कार्यक्रमाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी जमल्यास एकेरी रेघांच्या वह्या आणि पेन्सिली आणाव्यात. कार्यालयात ठेवल्या तरी चालतील, मी रविवारी उपासनेनंतर घेऊन जाईन.